रविवारचा खाडा

‘काम नाही तर दाम नाही’ हे वाक्य ऐकायला मोठे न्याय्य वाटते. सफाई, पहारा, हमाली ही कामे ठेकेदारांकडे गेल्यापासून पुण्यात ते वरचेवर कानी पडते. रविवारी मजूर कामावर आला नाही, सबब रविवारचा खाडा! आमचा या हिशेबालाच आक्षेप आहे.

महाराष्ट्रात किमान वेतनाचा रोजचा दर काढताना मासिक दराला ३० ने नव्हे, २६ ने भागतात. साप्ताहिक विश्रांतीचा मोबदला त्यातच धरलेला असतो. समजा, महिन्याचे १३,००० रुपये ठरले. २६ दिवस राबणाऱ्याच्या हाती ते पुरते पडावयास हवेत. ठेकेदार मात्र ३० ने भागतो, रोज सुमारे ४३३ रुपये लावतो आणि चार रविवार गाळून ११,२६७ रुपये टेकवतो. उरलेले १,७३३ रुपये कोणाच्या खिशात गेले? याला काटकसर म्हणत नाहीत.

हा रविवार कोणी मेहेरबानीने दिलेला नाही. मूळचे पुणे जिल्ह्यातील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून त्याची मागणी केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. कामगारांच्या हक्कांविषयीचे पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ त्यानंतर, मे १८९१ मध्ये आले. खंडोबाचा वार आणि प्रभूचा वार एकच. जेजुरीला जाणारा गडी आणि मिस्साला येणारी बाई, दोघेही ठेकेदाराच्या वहीत गैरहजरच!

हे नुकसान एकट्या मजुराचेही नाही. त्याचा पैसा बँकेत पडून राहत नाही. वाण्याकडे, भाजीवालीकडे, रविवारच्या जुन्या बाजारात पोराच्या चपलांपायी तो खर्ची पडतो. पगार कापला की वाण्याची उधारीची वही फुगते आणि चपला पुढच्या महिन्यावर जातात.

मजुरी घटली की नोकऱ्या वाढतील, असेही सांगितले जाते. ऑस्ट्रेलियात २०१७ साली फेअर वर्क आयोगाने दुकाने व उपाहारगृहांतील रविवारचा वाढीव दर कमी केला, तेव्हा हाच युक्तिवाद झाला होता. २०१९ साली तेथील लहान व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रमुखांनीच तशी वाढ झाली नसल्याचे सांगितले.

आपल्यापैकी कित्येकजण गृहनिर्माण सोसायट्यांच्या समित्यांवर आहेत. येत्या सभेत ठेकेदाराचे बिल आणि पहारेकऱ्याची पगारपावती शेजारी शेजारी ठेवा व भागाकार स्वतः करून पाहा. घरच्या मोलकरणीचा हिशेबही त्याच बैठकीत उरकावा.