दाढी येत नसेल तर

वडप्याच्या गोदामांतून ऑनलाइन मागवलेला माल घरोघरी जातो. ‘दाढी दाट करणारं’ तेलही असंच कुठल्यातरी गोदामातून निघतं. खोकी भरणारा एखादा पोरगाही ते पगारातून मागवत असेल, कारण जुम्म्यानंतर कुणीतरी टोकलेलं असतं: “काय रे, दाढी नाही ठेवत?”

दाढी किती दाट येणार, हे बहुतांशी आनुवंशिक असतं. हार्मोन पुरेसे असूनही केसांची मुळं त्यांना कमी दाद देतात. विशीतली विरळ दाढी तिशीपर्यंत भरू शकते. वस्तऱ्याने ती दाट होत नाही. बायोटिनची कमतरता नसेल तर त्याच्या गोळ्याही फुकट. (ॲपवरचे स्टार पाहून औषध घेऊ नका, हे एक सॉफ्टवेअरवालाच सांगतोय.)

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा अचानक पडला, तर ती बहुधा चाई. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. ती कुणाला लागत नाही. बरेचदा केस आपोआप परत येतात, नाहीतर त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. खाज आणि खवले असतील तर नायटा असू शकतो. त्यावर मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम चोळलं, की तो पसरतो. लावायचं मिनॉक्सिडिल हे डोक्याच्या केसांचं औषध. दाढीवर काहींना गुण येतो, पण महिनोन्‌महिने लावावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारून.

आता टोकणाऱ्यांसाठी. अन्सारांचे सरदार हजरत कैस बिन साद (रजि.) यांना दाढी येतच नव्हती. विकत मिळाली असती तर आम्ही पैसे मोजून त्यांच्यासाठी घेतली असती, असं अन्सार म्हणत. जुन्या चरित्रग्रंथांत तशी नोंद आहे. हजरत अली (रजि.) यांनी मिस्रची सुभेदारी त्यांनाच दिली.