एकतिसाव्या दिवसाचा हिशेब

आषाढात चातुर्मास लागायच्या दोन दिवस आधी कांदेनवमी येते. पुढचे चार महिने कांदा, लसूण, वांगं वर्ज्य, म्हणून त्या दिवशी भजी, थालीपीठ, भरीत असा कांद्यावांग्यांचा भरपूर समाचार घ्यायचा. श्रावणाच्या तोंडावरच्या गटारीबद्दल तर बोलायलाच नको. नेम धरायच्या आदल्या दिवशी माणूस कसा वागतो हे आपल्या पंचांगाला चांगलंच ठाऊक आहे आणि नेम सुटल्यावर, किंबहुना चालू असतानाच, कसा वागतो हे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीला. हे आठवायचं कारण म्हणजे घरखर्चाला आळा घालण्यासाठी तरुण कुटुंबांत रुळत चाललेली 'चॅलेंज'ची पद्धत. महिनाभर बाहेरचं खायचं नाही, वर्षभर नवा कपडा घ्यायचा नाही, सोमवार ते शुक्रवार एकही स्कॅन करायचा नाही, अशी ही नवी व्रतं. देव नसलेली, पण फोनवर रोज खूण करायची सोय असलेली. मला ही पद्धत आवडते, मात्र ज्या कारणासाठी तिची शिफारस होते त्या कारणासाठी नाही. पैसे साठवायचं साधन म्हणून ती कच्ची आहे. घरातला पैसा नेमका कुठे जातो हे पाहायला मात्र इतकं स्वस्त आणि खात्रीचं साधन दुसरं नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की महिना कोरडा जातो आणि हाती काही उरत नाही.

साठवणुकीचं साधन ती का नाही, याचा पुरावा आपण सगळ्यांनी मिळून दिलेला आहे. 2020 मध्ये अख्ख्या देशावर सक्तीचं 'नो स्पेंड' लादलं गेलं. हॉटेलं बंद, मॉल बंद, लग्नं पन्नास माणसांत, प्रवास नाही. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी, विमा, शेअर वगैरेंतून कर्ज वजा जाता उरणारी रक्कम, 2020-21 मध्ये देशाच्या जीडीपीच्या साडेअकरा टक्क्यांच्या घरात गेली. एरवी ती सात-आठ टक्के असायची. दोनच वर्षांनी, 2022-23 मध्ये, ती पाच टक्क्यांच्या आसपास उतरली आणि कित्येक दशकांतला नीचांक झाला. या घसरणीला निव्वळ उधळपट्टी म्हणणं अन्यायाचं होईल. अनेकांनी त्या काळात कर्ज काढून घरं घेतली, महागाईने पगार खाल्ले, काहींची शिल्लक आजारपणातच संपली होती. तरीही एक गोष्ट उरतेच. खर्च थांबवण्याची सवय त्या वर्षाने लावली असती, तर ती दोन वर्षांत अशी पुसली गेली नसती. दार बंद होतं तोवर पैसे घरात राहिले, दार उघडलं आणि ते निघाले. महिनाभराच्या ऐच्छिक बंदीत याचीच छोटी प्रत निघते. तिसाव्या दिवसापर्यंत पुढे ढकललेली खरेदी एकतिसाव्या दिवशी 'आता आपण पात्र झालो' या थाटात एकत्र होते.

मग ती करावीच कशाला? याचं उत्तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. अजूनही कित्येक घरांत 'कालनिर्णय'च्या चौकटींत बारीक अक्षरात नोंदी दिसतात. दूध दीड लिटर, इस्त्री अकरा कपडे, कामवाल्या मावशी आल्या नाहीत, सिलिंडर लावला. महिनाअखेरीला ते पान खाली उतरतं, बेरीज होते, दूधवाल्याशी एका दिवसावरून हुज्जत होते आणि मग पैसे दिले जातात. ही हुज्जत मोलाची होती, कारण तिच्यामुळे खर्च एकदा होताना आणि एकदा बेरजेत, असा दोनदा डोळ्यांखालून जायचा. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी 1904 मध्ये घरगुती जमाखर्चाची खास वही छापली, तिच्यामागेही हेच शहाणपण होतं. काकेइबो नावाने तो प्रकार आजही टिकून आहे. आता 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआयकडे बघा. ऑगस्ट 2025 मध्ये देशभरातल्या यूपीआय व्यवहारांनी एका महिन्यात 2000 कोटींचा आकडा ओलांडला. सोय अफाट आहे, आणि ती नको असं म्हणणारा मी नाही. सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्याशी भांडण्यात कुणाचंच भलं नव्हतं. गंमत अशी की नोंद आता आपोआप होते आणि म्हणूनच ती कुणी वाचत नाही. फोनमधली यादी उघडून पाहा. वीस रुपये, दहा रुपये, एकशे ऐंशी, पुन्हा वीस, एका अनोळखी माणसाच्या नावाने पंचेचाळीस. हा माणूस कोण? बहुधा वडापाववाला, पण त्याच्या क्यूआरवर त्याच्या मेहुण्याचं नाव आहे. चार दिवसांनी ही यादी खुद्द खर्च करणाऱ्यालाही लागत नाही.

हाताने मोजून दिलेल्या पैशाचा सल वेगळा असतो, हे अभ्यासकांनी तपासलेलं आहे. ड्राझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोघांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. पैसे क्रेडिट कार्डाने द्यायचे आहेत असं ज्यांना सांगितलं, त्यांनी रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली. यूपीआयमध्ये पैसे तत्काळ खात्यातून जातात, उधारी नसते, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे चिकटवता येणार नाही. पण नोट हातातून सुटताना जो क्षणभर अडथळा येतो, तो दोन्हीकडे नाही. चॅलेंज नेमका हा अडथळा परत आणतं. संध्याकाळी सात वाजता कोथिंबीर संपल्याचं लक्षात येतं, बोट सवयीने ॲपकडे जातं आणि नेम आठवतो. एरवी त्या जुडीबरोबर काय आलं असतं? डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून एक चिप्सचं पाकीट, एक दही, 'फक्त आज' म्हणून अर्ध्या किमतीतलं चॉकलेट. कोथिंबिरीविना आमटी झाली, कुणी चौकशीही केली नाही. त्या महिन्यातली खरी मिळकत हीच माहिती आहे. कशाची उणीव भासली आणि कशाची भासली नाही, हे वही सांगत नाही, ॲपचा पाय-चार्टही सांगत नाही. ते वस्तू घरात नसतानाच कळतं.

म्हणून चॅलेंज अरुंद हवं. 'महिनाभर काहीच खर्च नाही' हा नेम ऐकायला शूर वाटतो, पण त्यात तपासण्यासारखं काही उरत नाही. सगळेच दिवे एकदम मालवले तर वीज कुठला दिवा जास्त खातो हे कसं समजणार? लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये अन्नटंचाईच्या काळात देशाला आठवड्यातलं एक जेवण, सोमवारच्या रात्रीचं, सोडायचं आवाहन केलं. ते आजही लोकांच्या तोंडी आहे, याचं एक कारण त्याची मर्यादा. वार ठरलेला, वेळ ठरलेली, पाळलं की नाही याबद्दल शंका नाही. घरातही एकच खातं निवडावं, आणि कुठलं निवडायचं याला आकड्यांचा आधार आहे. 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत शहरी भागात माणशी मासिक खर्च सरासरी 6,996 रुपये निघाला. त्यातला 11 टक्क्यांहून थोडा अधिक भाग पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ या एका गटात जातो. भाज्या, दूध, धान्य यांतल्या कुठल्याही एकाहून जास्त. चौघांच्या घराला हेच प्रमाण लावलं तर महिन्याला साधारण 3,100 रुपये होतात. सरासरी कुणाच्याच घरात राहत नाही, हे खरं. पण या आकड्याने दोन भ्रम एकदम उतरतात. हा गट क्षुल्लक नाही, आणि तो संपूर्ण बंद करूनही घराचा हप्ता फिटणार नाही. ज्यांच्या डोक्यावर पगाराच्या निम्म्या रकमेचं कर्ज आहे, त्यांना चहा-बिस्किटांवरच्या बंदीने दिलासा मिळेल असं सांगणं ही फसवणूक आहे. त्यांचा प्रश्न फ्लॅट केवढ्याचा घेतला इथे आहे, आणि त्यावर महिनाभराचा नेम चालत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. मला सगळ्यांत जड वाटणारा आक्षेप फारसा कुणी घेत नाही. 'बाहेरचं बंद' हे चॅलेंज घरातलं कोण पार पाडतं? 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं त्यात जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची 88. अशा घरात नवऱ्याने उत्साहाने घोषणा करायची आणि पोळी-भाजी केंद्राचा डबा बंद झाल्यामुळे रोजच्या बारा पोळ्या बायकोने लाटायच्या, तर ती काटकसर नसते. खर्च पैशाच्या खात्यातून तिच्या कंबरेच्या खात्यात वळवलेला असतो, आणि या दुसऱ्या खात्याचा हिशेब कालनिर्णयवर लिहिला जात नाही. काटकसरीच्या जुन्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. साडीची गोधडी, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, शिळ्या पोळीचा कुस्करा. त्यात श्रम कुणाचे होते हे मात्र सांगायचं राहून जातं. त्यामुळे माझ्या मते पहिली अट अशी की जे बंद करायचं त्याचं बदली काम कोण करणार हे सुरुवातीलाच नावानिशी ठरावं. ते जमत नसेल तर डबा चालू ठेवावा आणि दुसरं खातं शोधावं. सर्वांत निर्धोक खातं बहुधा अशा वर्गण्यांचं असतं ज्या कुणी पाहत-वाचत नाही. 15,000 रुपयांपर्यंतची ठरावीक रक्कम ओटीपी न विचारता दर महिन्याला आपोआप कापली जाऊ शकते. आदल्या दिवशी सूचना येते, पण ती इतर चाळीस मेसेजांखाली दबलेली असते. त्या वर्गण्या थांबवायला कुणाला पोळ्या लाटाव्या लागत नाहीत.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. ज्यांचा प्रत्येकच महिना 'नो स्पेंड' असतो त्यांच्यापुढे हा पोटभरल्यांचा खेळ शोभतो का? खेळ पोटभरल्यांचाच आहे, हे मान्य करून टाकावं. हातावर पोट असलेल्या घरात सोडण्याजोगं काही नसतं. तिथे बाई भिशीचा हप्ता आधी बाजूला काढते आणि उरलेल्यात भागवते. मला तर वाटतं सुखवस्तू घरांनी शिकायचं ते तिच्याकडून. तिच्या पद्धतीत संयम दुय्यम आहे, क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाजूला, मग खर्च. शिवाय भिशीत दहा जणी डोळे लावून बसलेल्या असतात, त्यामुळे हप्ता चुकवायची सोय नसते. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी 2004 मध्ये मांडलेली, पुढची पगारवाढ हातात पडण्याआधीच तिचा काही भाग बचतीला जोडून टाकण्याची योजना याच क्रमावर उभी होती, आणि ज्या कंपनीत ती प्रथम राबवली तिथल्या, योजनेत सामील झालेल्या कर्मचाऱ्यांची बचत तिने काही वर्षांत तिपटीच्याही पुढे नेली. चॅलेंजमध्ये वाचलेले पैसे त्याच खात्यात पडून राहिले तर ते वाचलेले नसतात, त्यांना फक्त उशीर झालेला असतो.

सगळ्यांनीच हात आखडला तर धंदे कसे चालायचे, असंही विचारलं जाईल. अर्थशास्त्रज्ञ केन्सने 1936 मध्ये हा पेच नीट मांडून ठेवला आहे. एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं, आणि सगळे एकदम काटकसरीला लागले तर सगळ्यांचंच उत्पन्न आटतं. काही मध्यमवर्गीय घरांनी महिनाभर कप नूडल्स सोडल्याने मंदी येईल ही भीती अतिरंजित आहे. पण यातला छोटा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, तो म्हणजे कात्री कुणावर चालते. बंदीच्या महिन्यात आधी सुटतो तो कोपऱ्यावरचा मिसळवाला, शिंपी, चपला शिवणारा, कारण त्यांना दिलेले पैसे दिसतात. न पाहिलेल्या मालिकांची वर्गणी कापली जातच राहते. दिसतं ते कापायचं आणि दिसत नाही ते चालू द्यायचं, ही काटकसर उलट्या टोकाने सुरू होते.

राहिला शेवटचा मुद्दा, की समोर इतकी मोठी यंत्रणा मोह पाडायला बसलेली असताना एकट्याच्या नेमाने काय होणार? मोह पाडला जातो यात शंका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या 13 फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणं, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणं, वर्गणीतून बाहेर पडायची वाट लपवणं या त्यातल्या काही. नियम हवेतच आणि त्यांची अंमलबजावणी आणखी कडक हवी. पण टोपलीत काहीतरी सरकवलंय हे पाहायला आधी टोपलीकडे बघावं लागतं, आणि बघायची सवय कुठलंही प्राधिकरण लावून देत नाही.

व्रताला उद्यापन असतं, तसं या महिन्यालाही हवं. एकतिसाव्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी, मुलांसकट, बसून दोन याद्या कराव्यात. जे आठवलंच नाही ते एकीकडे, ज्याच्यावाचून खरोखर चुकचुकल्यासारखं झालं ते दुसरीकडे. पहिल्या यादीतले पैसे त्याच बैठकीत आवर्ती ठेवीत किंवा एसआयपीत वळवावेत, रक्कम चारशे असली तरी. दुसरी यादी वाद न घालता परत चालू करावी. रविवारची मिसळ त्यात असणारच. ती खायला सगळ्यांनी जावं, जाताना एटीएमवर थांबावं आणि पैसे नोटांनी द्यावेत.