बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

शेजारच्या वहिनींच्या सुनेला मध्यरात्री कळा सुरू झाल्या. चारकोपच्या आमच्या गल्लीत चारचाकी आमचीच, म्हणून दार आमचेच वाजले. किल्ली फिरवली तर नुसते ‘टक’ झाले आणि गाडी गप्प. चौघांनी धक्का मारून पाहिला, पण आमची २००६ सालची मारुती ८०० इंजेक्शनची. बॅटरीत जीव नसेल तर तिचा पेट्रोलचा पंपच चालत नाही. शेवटी नाक्यावर रिक्षा मिळाली आणि पोरगी वेळेत शताब्दीत, म्हणजे कांदिवलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयात पोहोचली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. आम्हाला मात्र वहिनींकडे वर मान करून बघवेना. कारण ती बॅटरी चार महिन्यांपूर्वीच घेतली होती, आणि तिच्या आधीची वर्षभरही टिकली नव्हती.

गॅरेजवाल्याचे म्हणणे एकच : ‘साहेब, जुनी गाडी, बॅटरी बदला.’ आम्ही दोनदा ऐकले. वाचकहो, तिसऱ्यांदा ऐकू नका!

आय.टी.आय. केलेला गल्लीतला एक मुलगा दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन आला. असा मीटर काही शे रुपयांत मिळतो. आधी त्याने बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी १२.६ व्होल्ट दाखवले, म्हणजे बॅटरी भरलेली. (१२.२ च्या आसपास दिसले तर ती निम्मी उतरली असे समजावे.) मग इंजिन चालू करून पाहिले : १४.१. साधारण १३.८ ते १४.४ आले तर चार्जिंग ठीक, म्हणजे अल्टरनेटर, ज्याला आपले मेस्त्री डायनॅमो म्हणतात, तो निर्दोष. याचा अर्थ कोणीतरी बंद गाडीतून वीज पीत होते.

त्यासाठीची तपासणी अशी. किल्ली काढा, दारे लावा, आतला दिवा विझल्याची खात्री करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. ही नेहमी आधी, कारण पॉझिटिव्हचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळपास बिडीसुद्धा नको. मीटर दहा अँपिअरवर ठेवून त्याची एक काडी सुटलेल्या वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावा. या अवस्थेत सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. पाच-दहा मिनिटांनी आकडा वाचा. घड्याळ आणि कॉम्प्युटरपुरते वीस-तीस मिलिअँपिअर जाणारच, पन्नासच्या वर गेले की शंका घ्यावी.

आमच्या गाडीचा आकडा होता ४२०! चोवीस तासांत दहा अँपिअर-तास. आमची बॅटरी सगळी मिळून ३५ ची. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की खेळ खलास. शिवाय असे वारंवार रिकामे होण्यानेच बॅटरी मरते. म्हणजे दोन्ही बॅटऱ्या बिचाऱ्या चांगल्याच होत्या, आम्ही त्यांना मारले.

आता एकेक फ्यूज काढायचा. ज्याने आकडा कोसळेल, त्या लाइनीवर चोर. आम्ही डॅशबोर्डखालचे सगळे काढले, पण मीटर हलेना. तेव्हा मुलाने बॉनेट पुन्हा नीट पाहिले. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढलाच होता (गरम पाणी आणि खाण्याचा सोडा, मग ग्रीस). त्या थराखालून एक जाड लाल वायर निघाली होती, कंपनीची नव्हे. ती थेट आत, पुढच्या सीटखाली. तिथे हात घातला तर रात्रभर बंद असलेल्या गाडीत एक डबा कोमट लागला. आमच्या चिरंजीवांनी हौसेने बसवून घेतलेल्या टेपचा अँप्लिफायर! टेप बंद झाला की हा बंद व्हायला हवा. पण बसवणाऱ्याने त्याला चालू करणारी बारीक वायरही सरळ बॅटरीच्याच लाइनीवर जोडली होती. त्याचा फ्यूज काढताच आकडा २५ वर आला.

ती बारीक वायर किल्लीच्या लाइनीवर घेतली की डबा पुन्हा वापरता येईल, असे मुलगा म्हणतो. तूर्त तो माळ्यावर आहे. चिरंजीव रोज विचारतात, आणि वहिनींच्या धाकट्या सुनेला सातवा महिना लागला आहे.