महारेरा क्रमांक पुरेसा नाही



निवृत्तीनंतर कोकणात घर घेताना ‘महारेरा क्रमांक पाहिला की निश्चिंत व्हावे’ हा आपल्या गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला मला धोकादायक वाटतो. महारेराकडील नोंदणीमुळे गृहप्रकल्पाची मंजुरी आणि मुदत उघड होते, ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास बिल्डरला तो दुरुस्त करून द्यावा लागतो. हे मोलाचेच आहे. पण पुराचे काय? २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पाण्याने चिपळुणातले तळमजले बुडवले. २००५ सालीही शहर बुडाले होते.

म्हणून आधी जलसंपदा विभागाची पूररेषा पाहावी. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. आपली जागा कुठे पडते, हे बिल्डरच्या माणसाला विचारू नये. नगर परिषदेत जाऊन नकाशावर बघावे. शेजारच्या जुन्या घरातही जावे. मी गेलो होतो. तिथल्या आजींनी पुराचे पाणी कुठवर चढले होते ते भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, हाताने दाखवले. मी बयाणा सोडला आणि चढावर घर शोधले. मात्र चढावर दरडीची चौकशी हवीच. २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेले.

पत्रलेखकांनी व्यवहार अजून पुरा केला नसेल, तर एवढे जरूर पाहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, चिपळूण