रजेवरचा संघ

आमच्या शाखेत एक कारकून होता. उंची सहा फूट चार इंच. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, नागपूरची. खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागेवर तो बँकेत लागला होता. त्याच्या उंचीचा बँकेने पहिला उपयोग केला तो रेकॉर्ड रूममध्ये. सर्वांत वरच्या फळीवरची धुळीने माखलेली लेजरे स्टुलाशिवाय काढून देणारा शाखेतला तो एकमेव माणूस! पेन्शनला येणाऱ्या आजीबाई काउंटरपाशी मान वर करून विचारायच्या, "काय रे बाबा, पाऊस येईल का आज?" हा गंभीर चेहरा करून म्हणायचा, "थांबा आजी, ढग लागला डोक्याला की सांगतो."

संध्याकाळी बँक सुटली की तो शिवाजीनगर जिमखान्याच्या मैदानावर. नागपुरात बास्केटबॉल म्हटले की ते मैदान आलेच. मी एक-दोनदा त्याचा खेळ बघायला गेलो होतो. काउंटरवर जरा वाकून, खांदे पाडून बसणारा हा मुलगा तिथे पार निराळा दिसायचा. उंच माणूस सरळ उभा राहिला की कसा दिसतो, ते मी तिथे पाहिले.

एका सप्टेंबरात तो एक पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला. राष्ट्रीय संघ निवडण्यासाठी सराव शिबिर होते, त्याचे बोलावणे. पुढे आशियाई स्पर्धा. शाखेत रजेच्या अर्जांवर शिफारस लिहिण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते, आणि तीस सप्टेंबरची सहामाही क्लोजिंग तोंडावर आली होती. संगणक येण्यापूर्वी ज्यांनी बँकेत काम केले आहे त्यांना क्लोजिंग म्हणजे काय ते सांगायला नको. व्याजाची आकडेमोड, लेजरांचे बॅलन्सिंग, दहा पैशांच्या फरकासाठी रात्रीचे अकरा. मी अर्जावर लिहिले, 'क्लोजिंगनंतर सोडण्यास हरकत नाही.' तो "बरं साहेब" म्हणाला. तीन ऑक्टोबरला गेला आणि पंधरवड्यात परत आला. "तिकडे सगळे धावून धावून तयार झाले होते साहेब. मी क्लोजिंग करून गेलो होतो," एवढेच म्हणाला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. मीही नाही.

त्याची निवड झालीच असती असे मी म्हणत नाही. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये रात्री मोबाइलवर आशिया चषकातला भारत-जॉर्डन सामना बघताना मला ती माझी शिफारस आठवली, आणि बराच वेळ डोक्यातून गेली नाही.

सामना जेद्दाहला होता. भारत हरणार हे धरूनच मी बसलो होतो, जसे आपण सगळेच बसतो. पण हे लोक हरायला तयार होईनात. शेवटच्या क्षणी दुरून मारलेला तीन गुणांचा चेंडू जाळीत पडला, चाळीस मिनिटांअखेर बरोबरी झाली आणि सामना जादा पाच मिनिटांत गेला. त्या पाच मिनिटांत मात्र जॉर्डन सुटले. ८४-९१. गटातले चीन आणि सौदी अरेबियाविरुद्धचे सामनेही आपण गमावले आणि संघ घरी आला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्याही सर्वत्र नाहीत.

आता, या जेद्दाहपर्यंत पोहोचण्याची वाट कशी होती ते पाहू; कारण पात्रता हा शब्द आपण 'परीक्षेला बसू दिले' इतक्या सहज वापरतो. पूर्वी शेजारपाजारच्या दोनचार देशांत छोटीशी स्पर्धा खेळली की आशियाई स्पर्धेचे काम भागत असे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून आंतरराष्ट्रीय संघटनेने म्हणजे फिबाने पद्धत बदलली. आता फुटबॉलसारखे घरी आणि परक्याच्या दारी, असे सामने खेळावे लागतात. २०२५ च्या चषकासाठी चोवीस देश, चारचारांचे सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन थेट पात्र, तिसऱ्याला आणखी एक संधी. सामने एका दमात नाहीत. फेब्रुवारी २०२४, मग नोव्हेंबर, मग पुन्हा फेब्रुवारी, दर खेपेला दोन. आपल्या गटात इराण, कतार आणि कझाकस्तान. नोव्हेंबरात आपण कझाकस्तानला त्यांच्या अस्तानात जाऊन हरवले, ही लहान गोष्ट नव्हती. तरी गटात तिसरे आलो. मार्च २०२५ मध्ये शेवटच्या संधीच्या सामन्यांसाठी संघ बहरीनला गेला आणि तिथे यजमान बहरीनलाच हरवून जेद्दाहचे तिकीट मिळवले. अमेरिकन प्रशिक्षक स्कॉट फ्लेमिंग यांचा हा भारताबरोबरचा दुसरा डाव होता.

या नव्या पद्धतीची खरी गंमत कशात आहे? तर दोन सामन्यांसाठी संघ चारसहा दिवस एकत्र येतो. इराणचा खेळाडू येतो तो आदल्या आठवड्यात तिकडच्या व्यावसायिक लीगचा सामना खेळून. आमचा येतो शिबिरातून. इथेच सगळे आले. शिबिर वाईट नसते, पण शिबिरात तुम्ही आपल्याच बारा-पंधरा लोकांशी खेळता. त्यांच्या खोड्या तुम्हाला पाठ आणि तुमच्या त्यांना. बँकेतल्या माणसाला हे लगेच कळेल. प्रशिक्षण महाविद्यालयात खोट्या व्हाऊचरांवर आम्ही नोटा मोजायला शिकलो, तेव्हा आमच्यातला प्रत्येक जण उत्तम कॅशियर होता. एक तारखेला पेन्शनरांची रांग दरवाज्याबाहेर गेली, एकाची पावती दुसऱ्याच्या हातात पडली आणि मागून कोणी ओरडू लागले, तेव्हा कोण कॅशियर आहे ते कळले. जॉर्डनविरुद्धची ती जादा पाच मिनिटे म्हणजे एक तारखेची रांग होती.

"प्रशिक्षक चांगला आणा" हा आपला आवडता उपाय. आणलेले आहेत. सर्बियाचे वेसेलिन मॅटिच यांनी २००९ मध्ये इराणला आशियाई विजेतेपद मिळवून दिले होते. पुढे तेच गृहस्थ आपले प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली भारत २०२२ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरला, जाकार्ताला गेला आणि न्यूझीलंडकडून १००-४७ असा हरला. तिथले तिन्ही सामने आपण हरलो. माणूस तोच, फळा तोच, खडूही तोच. समोर बसलेल्या मुलांनी वर्षभरात किती खरे सामने खेळले होते, एवढाच काय तो फरक.

दुसरा आवडता उपाय म्हणजे उंची. "आपली माणसे बुटकी हो!" २०१५ मध्ये पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातल्या सात फूट दोन इंचांच्या सतनाम सिंगला अमेरिकेच्या डॅलस संघाने निवडले तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला होता. भारतात जन्मलेला पहिला खेळाडू! पुढे त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, हे किती जणांनी विचारले? आपल्याला संघ नको असतो, एक राक्षस हवा असतो. गोष्टीतला.

आणि उंचीचे म्हणाल तर जपान बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये (ते भरले २०२१ मध्ये) जपानच्या बायकांनी रौप्यपदक मिळवले. त्यांची रुई माचिदा १६२ सेंटीमीटर उंचीची, म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत 'मध्यम उंची' लिहितात तेवढी. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिने अठरा वेळा असे पास दिले की सहकाऱ्याने थेट बास्केट केली. ऑलिंपिकमध्ये तो विक्रम ठरला. पुरुषांची कथा तर याहून बोधप्रद. जपानात दोन लीग होत्या आणि त्यांचे आपसांत पटत नव्हते. फिबाने २०१४ च्या नोव्हेंबरात जपानी संघटनेला सरळ निलंबित केले. मग फुटबॉलच्या जगातले साबुरो कावाबुची आले, दोन्ही लीग एक केल्या आणि २०१६ च्या सप्टेंबरात नवी लीग सुरू झाली. प्रत्येक संघाला मोसमात साठ सामने! लगेच चमत्कार झाला नाही. २०१९ च्या विश्वचषकात जपान सगळे सामने हरले, टोकियोत पुरुष संघ तिन्ही हरला. २०२३ च्या विश्वचषकात मात्र त्यांनी फिनलंड, व्हेनेझुएला आणि केप व्हर्दे यांना हरवले आणि आशियातला सर्वोत्तम संघ म्हणून पॅरिसचे तिकीट काढले. तिथे यजमान फ्रान्सला त्यांनी जादा वेळेत खेचले. लीग सुरू झाल्यापासून सात-आठ वर्षे लागली.

आपल्याकडेही २०१५ मध्ये संघटनेत दोन गट पडले होते आणि दोघेही स्वतःला खरे म्हणवत होते. त्याच वर्षी एक खासगी लीगही निघाली. तिच्यात पुण्याचा संघ होता, नाव 'पुणे पेशवाज'. २०१७ नंतर ती लीग गुंडाळली गेली. ही पेशवाई कधी आली आणि कधी बुडाली, खुद्द पुणेकरांना तरी पत्ता लागला असेल का, शंकाच आहे. २०२२ पासून संघटनेच्या छत्राखाली दुसरा प्रयत्न सुरू झाला. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण साठ सामन्यांपासून तो फार दूर आहे.

मग इतकी वर्षे हा खेळ जगला कशावर? नोकरीवर. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, पोलीस दले. यांनी मुलांना पगार दिला, म्हणून घरच्यांनी मुलांना चेंडू दिला. मुंबईच्या नागपाड्यात मस्तान तलावाजवळच्या मैदानावरून भारताचे कर्णधार अब्बास मुन्तसिर आले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवून गेले. त्या गल्ल्यांतल्या कितीतरी मुलांसाठी बास्केटबॉल म्हणजे पक्क्या नोकरीचा रस्ता होता. मी या व्यवस्थेची टिंगल करणार नाही. तिच्याच जोरावर १९७५ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला, आणि त्याहून वर आपण कधी गेलो नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकलाही गेलो. ते मात्र इतर देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे. तिथे एकही सामना जिंकला नाही.

पण ज्या भिंतीने छप्पर धरले तीच भिंत पुढे आडवी आली. नोकरी मिळेपर्यंत मुलगा जीव तोडून खेळतो, मिळाली की घरचे म्हणतात, "झाले ना आता!" त्यांचे तरी काय चुकले? राष्ट्रीय संघ म्हणजे कुठल्या ना कुठल्या साहेबाने मंजूर केलेल्या बारा खास रजा. वर्षभर आधी सामन्यांच्या तारखा कळलेल्या असतात, तरी सुटकेचे पत्र आदल्या आठवड्यात टेबलावर येते. टेबलामागे माझ्यासारखा कोणी बसलेला असतो, त्याला क्लोजिंग दिसत असते. ज्या संस्था खेळाडू पोसतात त्यांनी मोसमाचे सहा महिने त्यांना सरळ एखाद्या लीग संघाकडे उसने द्यावे, ज्येष्ठता आणि पगार तसाच ठेवून. प्रतिनियुक्ती हा शब्द सरकारी दप्तरात आहेच की! सहकारी साखर कारखान्यावर अधिकारी पाठवता येतो, तर बास्केटबॉलपटू का नाही? आणि खेळ संपल्यावर, पस्तिशीत तो परत येईल तेव्हा त्याला काम शिकवण्याचीही सोय हवी. नाही तर उरलेली पंचवीस वर्षे तो वरच्या फळीवरची लेजरे काढत राहतो.

क्रिकेटने सगळे खाल्ले, हे रडगाणे मला पटत नाही. बास्केटबॉलचा खांब आपल्या किती शाळांत आहे, आठवून पाहा. मुले-मुली दोन्ही खेळतात. नववीपर्यंत. मग एक बोर्ड येतो आणि दुसरा बोर्ड सुटतो. मुलींच्या बाबतीत तर अधिकच. तरीही २०१७ मध्ये बंगळूरला आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीत आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले आणि वरच्या श्रेणीत धडक मारली. त्या संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती; पुढे ती भारताची कर्णधार झाली. किती घरांत हे नाव माहीत आहे? माझ्या घरात नव्हते. मला स्वतःला ते २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांच्या वेळी कळले.

हरण्याची सवय झालेल्या देशाला जिंकलेले आठवत नाही, तसे झाले आहे. २०१४ च्या जुलैमध्ये चीनमधल्या वुहान शहरात भारताने चीनला ६५-५८ असे हरवले होते. होय, चीनला, त्यांच्या घरी! प्रशिक्षक फ्लेमिंगच, त्यांच्या पहिल्या डावातले. त्याच स्पर्धेत जपानविरुद्धच्या सामन्याआधी अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या दोन खेळाडूंना पंचांनी पगड्या काढायला लावल्या. नियम तसा होता. घरच्यांच्या डोळ्यांसमोर, टीव्हीवर, ती दोघे उघड्या डोक्याने खेळली. गाजावाजा झाला, आणि अखेर २०१७ मध्ये फिबाने तो नियम बदलला. म्हणजे या संघाने जगाचा एक नियमसुद्धा बदलायला लावला आहे. आमच्या रजेच्या नियमाला मात्र अजून कोणी हात लावलेला नाही.

जॉर्डनच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. तो आता निवृत्तीला आला आहे. अधिकारी झाला, पण फार उशिरा. संध्याकाळी त्याच मैदानावर मुलांना शिकवतो. सामना त्यानेही पाहिला होता.

"पोरं थकली नव्हती साहेब," तो म्हणाला, "अशी पाच मिनिटं त्यांनी पूर्वी किती वेळा खेळली असतील?"

मी जरा थांबून विचारले, "ती सप्टेंबरची क्लोजिंग आठवते का रे तुला? शिबिराच्या वेळची?"

"कुठली, साहेब? पन्नासेक तरी क्लोजिंग केल्या असतील मी." मागे चेंडू आपटल्याचे आवाज येत होते. "ठेवतो हं, पोरं जमली."