हळुवार लाटेखालचा खडक

शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची पत्रे येतात, हा शिक्षकी पेशातील आमचा मोठा आनंद. गेल्या महिन्यात असेच एक पत्र होनोलुलूहून आले. नोकरीनिमित्त हवाई बेटांवर गेलेल्या या मुलाने फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, शिकण्याचे मनात घेतले आहे. शेवटी लिहितो, ‘सर, नर्मदेत पोहलेल्याला समुद्राचे कसले भय?’ या एका वाक्याने आम्ही अस्वस्थ झालो.

त्याने जागा मात्र योग्य निवडली आहे. ओआहू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील वायकीकी ही नवशिक्यांची पाठशाळाच होय. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविणारे ड्यूक कहानामोकू याच लाटांवर वाढले. दक्षिण गोलार्धातील हिवाळी वादळांनी उठविलेल्या लाटा हजारो मैल प्रवास करून साधारणतः मे ते सप्टेंबरमध्ये येथे येतात. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे पाऊणपट झाली की ती फुटू लागते. येथील प्रवाळखडक दूरवर पसरलेला व मंद उताराचा असल्याने लाट एकदम कोसळत नाही, माथ्यावरून सावकाश ढासळते. ईशान्येचे व्यापारी वारे येथे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात व तिचा पृष्ठभाग नितळ राखतात.

परंतु लाट हळुवार असली तरी तिच्याखालचा खडक हळुवार नसतो. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही आपली म्हण येथे फसवील, कारण हे उथळ पाणी शांतच दिसते. आमच्या बालपणी नर्मदेच्या घाटावरून एका वर्गमित्राने सूर मारला. त्या उन्हाळ्यात पाणी उतरले होते. मानेला मार बसला आणि तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. उत्तम पोहणारा होता तो!

म्हणून आम्ही त्या मुलास कळविले, की चढण्याआधी पडायला शीक. तोल गेला की डोके पुढे करून सूर मारू नये. अंग पसरून, आडवे व सपाट पडावे. वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकावे. पाय खाली टेकू नयेत, प्रवाळाने तळवे कापले जातात. पूर्ण ओहोटीची वेळ टाळावी. आरंभी नऊ-दहा फुटांची रुंद फळी घ्यावी व तिची दोरी पायाला बांधावी, म्हणजे सुटलेली फळी दुसऱ्यास लागत नाही. फुटत्या माथ्याजवळ जो असेल त्याचा लाटेवर पहिला हक्क, आपण थांबावे. पौर्णिमेनंतर आठव्या ते दहाव्या दिवशी, म्हणजे आपल्या पंचांगातील वद्य अष्टमी ते दशमीच्या सुमारास, या किनाऱ्यावर दाहक जेलीफिश येतात. तेव्हा पाण्यात उतरू नये. आणि हिवाळ्यात त्याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील प्रचंड लाटा तीरावरूनच पाहाव्यात.

वाचकहो, आपली मुले आज दूरदूरच्या समुद्रांवर जात आहेत. त्यांना भय दाखवू नये. मात्र नदीवरचे कसब समुद्रावर जसेच्या तसे चालत नाही, एवढे अवश्य सांगावे. आम्ही पत्र टाकले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.