चांदणीवाला बूट आणि आमचा पीटीचा बूट

'क्लासिक' हा शब्द आजकाल फार स्वस्त झालाय. ज्या वस्तूला तो चिकटतो ती मात्र महाग होते. ताजं उदाहरण म्हणजे कॉन्व्हर्सचा चांदणीवाला कापडी बूट. आमच्या घरातली पुण्या-हैदराबादची पोरं दिवाळीला केळापूरला येतात ती हेच बूट घालून. वर ऐकवतात, "काका, हे क्लासिक आहे, तुम्हाला नाही कळणार!"

कळतं रे बाबा. म्हणून तर लिहितोय.

इतिहास खरंच झकास आहे. मार्क्विस कॉन्व्हर्स नावाच्या गृहस्थानं 1908 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. 1917 मध्ये बास्केटबॉलसाठी घोट्यापर्यंतचा कापडी बूट आला. चक टेलर हा खेळाडू 1920च्या दशकात तिथे विक्रेता म्हणून लागला. गावोगाव फिरून तो बास्केटबॉल शिकवायचा आणि बूट विकायचा. 1930च्या दशकात त्याची सही थेट चांदणीच्या बिल्ल्यावर आली! पुढे 1970च्या सुमारास चामड्याचे बूट आले आणि कापडी बूट हळूहळू मैदानाबाहेर गेला. तिथून तो गिटारवाल्यांच्या पायात शिरला. 2001 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, 2003 मध्ये नायकेनं ती सुमारे 30 कोटी डॉलरला विकत घेतली.

एवढं सगळं झालं, पण बूट जवळपास तसाच राहिला. जाड सुती कापड, रबरी तळ, नाडी. बस्स. लोकांना आवडतो तो हाच साधेपणा. इथपर्यंत माझं काही भांडण नाही.

भांडण पुढे आहे. हाच साधेपणा आपल्या पांढऱ्या पीटीच्या बुटात नव्हता का? बाटानं 1936 मध्ये 'बाटा टेनिस' आणला तो भारतातल्या शाळकरी पोरांच्या कवायतीसाठी. तेच कापड, तेच रबर. कुणी म्हणेल, बाटा तरी कुठे आपली? बरोबर, ती मूळची चेक लोकांची. पण बूट आपल्या पोरांसाठी बनला आणि आपल्या पोरांनी झिजवला. 25 जानेवारीला रात्री त्यावर खडू उगाळून लावणारी एक अख्खी पिढी आहे. त्या बुटाला कुणी क्लासिक म्हणत नाही. त्याला 'गावठी' म्हणतात. कारण त्यावर कुणाची सही नाही, एवढंच!

आणि हो, "त्यानं घोट्याला आधार मिळतो" वगैरे सांगू नका. तो घालून बास्केटबॉल खेळणारा मला अजून भेटायचाय. मॉलमध्ये फिरायला घोट्याला कसला आधार लागतो?

आता खरी बोच. कॅनव्हास म्हणजे शेवटी कापूस. आणि आमचा केळापूर तालुका म्हणजे कापसाचाच मुलूख. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. चार हजाराचा जोड धरला तर एका क्विंटलात दोन जोड बूट. पेरणी, डवरणी, फवारणी, बोंडअळी, वेचणी, एवढं सगळं करून दोन जोड! बुटात कापूस किती? मूठ-दोन मुठी. बाकीचे पैसे चांदणीचे, सहीचे आणि गोष्टीचे.

गोष्टीला किंमत असावी, माझी ना नाही. चक टेलरनं पायपीट करून ती कमावली. पण दुसऱ्याच्या आठवणीला हजारो मोजायचे आणि आपल्या आठवणीला नाक मुरडायचं, याला रसिकता म्हणत नाहीत. शिवाय साधी वस्तू आवडते म्हणायचं आणि ती साध्या किमतीत मिळाली की लाजायचं, हे तर मला मुळीच पटत नाही.

घाला, खुशाल घाला. पैसे तुमचे, पाय तुमचे. फक्त त्या कापडाला 'क्लासिक' म्हणताना ते कुणाच्या तरी वावरातून आलंय एवढं ध्यानात असू द्या. त्या वावराची गोष्ट अजून कुणी बिल्ल्यावर छापलेली नाही.